पहिल्या हाकेला

फाटकाशी हाक आली तेव्हा मेंढी तिच्या गुडघ्यांत होती आणि कातर पोटाखालच्या मऊ कातडीपाशी पोचली होती. तिथं हात जरा हलला की रक्तच यायचं. तरी तिनं मान न वळवता ओ दिली.

“कोण आहे? फाटक उघडं आहे, आत या.”

तिची सहा वर्षांची मुलगी भिंतीला टेकून लोकरीतली कुसळं वेचत बसली होती. तिनं आईकडं पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली,

“आई, एकच झाली.”

कातर थांबली. “काय म्हणालीस? परत म्हण.”

मुलगी परत म्हणाली नाही. मागच्या आठवड्यात हेच बोलली म्हणून गालावर बोटं उठली होती, ती अजून तिच्या लक्षात होती.

पोरीचा तरी काय दोष? सगळं गावच तसं. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे इथं चालायला शिकण्याआधी शिकवत. डोंगर हाक मारतो, तीसुद्धा तुमच्याच माणसाच्या आवाजात, पण दोनदाच. तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून तिसरी ऐकू येईपर्यंत जागचं हलायचं नाही. काडेपेटी मागायला आलेली शेजारीणसुद्धा दारात उभी राहून तीनदा हाक मारायची आणि घरातली बाई चुलीपाशी बसून शांतपणे मोजायची. नव्यानं बदली होऊन आलेल्या टपालवाल्याला पहिला महिनाभर वाटत होतं, की आपल्याला बहिऱ्यांच्या गावात धाडलंय. आता तोही तीनदा ओरडतो आणि पत्र टाकून जातो.

गेलं वर्षभर ती मात्र पहिल्याच हाकेला ओ देत होती. अशी खेकसून, की हाक मारणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं. शेजारणींनी हळूहळू हाका मारणंच सोडलं. काडेपेट्या दुसरीकडून मिळत होत्या.

आत आल्या त्या गोष्टी गोळा करणाऱ्या बाई. शहरातून आल्या होत्या. नवे बूट चिखलानं माखलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत आवाज टिपायचं यंत्र. चढ चढून धाप लागली होती, तरी तोंडभर हसल्या आणि म्हणाल्या, की शाळेतल्या गुरुजींनी पत्र पाठवलं होतं, बाबा आहेत का घरात?

बाबा दहा हातांवर बसले होते. दाराच्या पायरीवर, मेंढ्यांचे पाय बांधायच्या दोऱ्या वळत. तिनं मुलीकडं वळून सांगितलं, “आजोबांना सांग, त्यांच्याकडं पाहुण्या आल्यात.”

मुलगी उठली, दहा हात चालली आणि तिनं आजोबांना सांगितलं. बाईंना काही कळेना. त्या एकदा हिच्याकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघत राहिल्या. सवय नसलेल्या माणसाला ते विचित्र वाटणारच. या घरात वर्षभर असंच चाललं होतं. जेवायला वाढलंय, आजोबांना सांग. पाणी तापलंय, आजोबांना सांग. सासऱ्याला तिनं ‘बाबा’ म्हटल्याला वर्ष झालं होतं.

म्हाताऱ्यानं पायरीवरच्या दोऱ्या बाजूला सारल्या आणि बाईंना बसायला जागा केली.

तिनं मेंढी पालथी घातली आणि पाठीला कातर लावली. लोकर अख्खी एका तुकड्यात निघाली पाहिजे, मधे तुटली की तिची किंमत जाते. तिचा हात या कामात पंचक्रोशीत कुणाला हार जायचा नाही. आज मात्र ती दातओठ खाऊन कातरत होती आणि मेंढी बिचारी डोळे फिरवत होती.

सगळा राग या यंत्राचा होता. गुरुजींचं पत्र आलं तेव्हाच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हाताऱ्याला डोंगराच्या हाकेची गोष्ट पुरी येते, आता ती पुरी येणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून ती टिपून घेणार, छापणार, शाळेशाळेतून वाचून दाखवणार. तिनं त्या दिवशी मुलीला मधे न घालता, चुलीकडं तोंड करून, भिंतीला ऐकवल्यासारखं ऐकवलं होतं. या घरातलं एक माणूस त्या गोष्टीनं खाल्लं ते पुरलं नाही का? आता गावोगावची पोरं तिच्या तोंडी द्यायची आहेत? म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याचा तांब्या खाली ठेवून एवढंच म्हणाला, की येऊ दे त्यांना. बस्स. येऊ दे त्यांना. फोटो हवा असेल पुस्तकात, दुसरं काय. वर्षभर गोष्टीचं नाव काढलं नव्हतं, पण शहरातून कुणी विचारलं म्हटल्यावर जीभ शिवशिवली असणार.

तेव्हाच तिनं ठरवलं होतं. सांगू दे त्याला. यंत्र चालू होऊ दे. तो ‘दोनदा’ म्हणाला, की आपण उठायचं, जवळ जायचं आणि उरलेली गोष्ट आपण सांगायची. त्या यंत्रात दोघांचेही आवाज जाऊ देत. छापा म्हणावं, काय छापायचं ते.

उरलेली गोष्ट फार लांब नव्हती.

असेच कातरणीचे दिवस होते. दुपारी धुकं उतरलं आणि दोन मेंढ्या कमी भरल्या म्हणून तिचा नवरा मागच्या भिंतीपलीकडं त्या बघायला गेला. ती इथंच, याच दगडापाशी कातरत होती. म्हातारा समोर बसून मेंढीचे पाय धरत होता. तेवढ्यात हाक आली. “अगंऽऽ.” तो तिला तसंच म्हणायचा, दुसरं काही नाही. ती अर्धी उठली. म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. मग दुसरी आली, पहिलीपेक्षा बारीक. तिनं हात ओढून घेतला, पण म्हाताऱ्यानं सोडला नाही. त्याची पकड मेंढक्याची, आडदांड मेंढा धरून ठेवणारी.

“तिसरी येऊ दे,” तो म्हणाला होता.

दोघं कान लावून बसले. तिसरी आली नाही. “डोंगरच,” म्हातारा म्हणाला आणि त्यानं पुन्हा मेंढीचे पाय धरले. त्यानंतर तिनं चार मेंढ्या कातरल्या. चार. तो आकडा तिच्या डोक्यातून एक दिवसही गेला नव्हता.

नवरा सकाळी सापडला, भिंतीपलीकडच्या घळीत, घरापासून दोनशे पावलांवर. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं होतं. खालच्या गावचे डॉक्टर म्हणाले, की संध्याकाळपर्यंत तरी जीव असणार. लवकर हाताला लागला असता तर काही सांगता आलं असतं. तिच्या मनगटावरचे वळ दोन दिवस राहिले. गावातल्या बायका समजूत घालायला आल्या आणि म्हणाल्या, की ती डोंगराचीच हाक असणार, तुझ्या नवऱ्याची असती तर तिसरी आली नसती का? त्यालाही नियम ठाऊक होता. हो, ठाऊक होता ना. तिसरीपुरता श्वास उरला नसेल, एवढं साधं कुणाच्या डोक्यात येऊ नये? आणि ज्याच्या डोक्यात यायला हवं होतं, तो पायरीवर बसून दोऱ्या वळत होता. ‘माझं चुकलं’ एवढे दोन शब्द. वर्ष झालं, ती त्या दोन शब्दांची वाट बघत होती. एकदा म्हणाला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं आणि मग कदाचित जेवायला वाढताना ‘बाबा’ म्हटलं असतं.

बाईंनी यंत्र पायरीवर ठेवलं आणि कळ दाबली. एक बारीकसा लाल दिवा लागला. आधी त्यांनी स्वतःच दोन वाक्यं बोलून पाहिली, की ही गोष्ट फार सुंदर आहे, खिंडीपलीकडच्या दोन गावांत तिचे तुकडे मिळाले, पण पुरी फक्त इथंच आहे.

सुंदर. तिनं कातर एवढ्या जोरात मिटली, की बाईंनी वळून पाहिलं.

म्हातारा सांगू लागला. आवाज खरखरीत झाला होता, पण सांगणं विसरला नव्हता. फार पूर्वी डोंगराला आवाज नव्हता. वारा वाहायचा, पाणी वाहायचं, मेंढ्या ओरडायच्या, पण डोंगर आपला मुका. त्याच्या अंगाखांद्यावर एक मेंढका राहायचा. त्याची हाक एवढी लांब जायची, की सात टेकड्यांपलीकडची मेंढी माघारी फिरायची. डोंगराला त्या हाकेचा हेवा वाटला. एक दिवस त्यानं मेंढक्याच्या सगळ्या मेंढ्या धुक्यात लपवल्या आणि म्हणाला, हाका दे, मेंढ्या घे.

मुलीच्या हातातली कुसळं गळून पडली होती. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिच्या बापानंही ही गोष्ट अशीच ऐकली असेल, याच पायरीवर, याच माणसाच्या तोंडून. पुढचं तिला स्वतःलाही पाठ होतं. मेंढका म्हणतो, दोन घे, तिसरी मला घरी जायला ठेव. तिनं मेंढीवरची पकड सैल केली आणि उठायला एक पाय पुढं घेतला.

म्हातारा थांबला. त्यानं यंत्राकडं पाहिलं नाही, बाईंकडं पाहिलं नाही.

“मेंढका म्हणाला, हव्या तेवढ्या घे. दहा घे, शंभर घे. फक्त एक मला ठेव, घरी जायला.”

तिचा पाय तसाच राहिला.

म्हातारा पुढं सांगतच होता. तेव्हापासून डोंगराकडं हाकांची रास आहे. तो एकदा मारील, तीनदा मारील, रात्रभर मारील, त्याला काय कमी आहे? माणसाकडं मात्र एकच. ती ऐकली की उठायचं.

बाईंनी वही उघडून मागची पानं चाळली. अवघडल्या होत्या. अगदी हळुवारपणे त्या म्हणाल्या, की पलीकडच्या दोन्ही गावांत डोंगर दोनदाच हाक मारतो असं सांगतात. गुरुजींनीही तसंच कळवलं होतं. मग अजूनच हळू विचारलं,

“बाबा, मधलं काही विसरायला झालं का?”

“मी काही विसरलेलो नाही,” म्हातारा म्हणाला.

मग त्या म्हणाल्या, की असं असेल तर डोंगराची हाक कोणती आणि माणसाची कोणती, हे ऐकणाऱ्याला ओळखू कसं यायचं? खूण तर काहीच उरली नाही.

“नाही यायचं ओळखू. जाऊन बघायचं. डोंगराची निघाली तर फुकटची खेप. पाय दुखतील, दुसरं काय?”

लाल दिवा चालूच होता. बाईंना हे पटलेलं दिसत नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर तिच्यावर येऊन थांबली. तुम्ही या घरच्या सूनबाई ना, तुम्ही ऐकली असेल ही गोष्ट, या घरात हाका किती सांगतात?

वर्षभर घोळवून घोळवून तयार ठेवलेलं सगळं तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. विचारणारीही समोर होती, यंत्रही. तिनं म्हाताऱ्याकडं पाहिलं. तो स्वतःच्या तळहातांकडं बघत होता. सांभाळून घे, असं त्याच्या तोंडावर कुठं नव्हतं. आणि एकदम तिला कळलं, की त्यानं काय केलं होतं. गोष्टीत दोन हाका होत्या तोवर त्याला बोलायला जागा होती. रीतच आहे, बापजाद्यांपासूनची आहे, मी काय करू? अख्खं गाव त्याच्या बाजूनं उभं राहिलं असतं. आता या यंत्रात, त्याच्याच आवाजात, एक हाक ऐकली की उठायचं असं गेलं होतं. म्हणजे त्या दिवशी तो बसून राहिला, त्याला आता काही कारण नव्हतं.

ते कळून राग गेला असं नाही. उलट भडकलाच. आता? आता सुचलं? वर्ष उलटून गेल्यावर, परक्या बाईसमोर? तिच्याकडं तोंड करून दोन शब्द बोलायला जीभ रेटली नाही आणि यंत्राला सांगताना रेटली?

“एक,” ती म्हणाली. “या घरात एकच सांगतात.” आवाज कापत होता, पण तो रागानं. “आणि ऐकूनही जो उठत नाही, त्याचं काय होतं तेही विचारा त्यांना. ते राहिलं सांगायचं.”

बाईंना विचारायची गरज पडली नाही.

“तो मग बसूनच राहतो,” म्हातारा म्हणाला.

तू पण बसलीस, असं तो म्हणू शकला असता. चार मेंढ्यांचे पाय त्यानंच धरले होते, त्यालाही आकडा ठाऊक असणार. तो म्हणाला नाही. तिनं वाट पाहिली, अगदी कान लावून वाट पाहिली, तरी म्हणाला नाही. मग ती खाली बसली आणि तिनं मेंढीची मान पुन्हा गुडघ्यात घेतली. हात लोकरीच्या तेलानं बरबटले होते, म्हणून तिनं डोळे दंडाला पुसले.

बाईंनी कळ बंद केली. वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. निघायची तयारी करताना त्या म्हणाल्या, की हा पाठ वेगळा म्हणून छापावा लागेल, खाली टीप देऊन. म्हाताऱ्यानं मान हलवली. टीप म्हणजे काय ते त्याला कळलं असेल असं वाटत नव्हतं. मुलगी केव्हा उठून गेली, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाई यंत्र पिशवीत ठेवत होत्या, तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून हाक आली.

“आजोबाऽऽ.”

एकच.

तिनं कातर टाकली तोवर म्हातारा पायरीवरून उठलासुद्धा होता. गुडघ्यांच्या दुखण्यापायी फाटकापर्यंत जाताना दोनदा टेकणारा माणूस. वर्षभरात मागच्या भिंतीकडं त्यानं तोंडसुद्धा केलं नव्हतं. पायरीवरची दोरी पायात अडकली, ती तशीच ओढत तो भिंत पडली होती तिथून पलीकडं गेला. ती त्याच्यामागं धावली. अर्धी कातरलेली मेंढी पाय बांधलेल्या स्थितीत तिथंच ओरडत पडली.

भिंतीपलीकडं उतार होता आणि गवत ओलं होतं. म्हातारा फरफटत, घसरत, सरळ घळीच्या दिशेनं चालला होता. काठ दहा पावलांवर राहिला, पाच राहिला.

“बाबा,” ती ओरडली. “थांबा तिथंच. मरायचंय का तुम्हाला?”

तो थांबला.

मुलगी काठाच्या अलीकडं, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसली होती. धडधाकट. फ्रॉकच्या खिशात कुसळं भरलेली, एक पाय हलत होता. दोघं आल्याचं बघून तो पाय थांबला.

“काय झालं?” तिनं मुलीला दंडाला धरून उभं केलं. “काय झालं, बोल.”

“काही नाही.” मुलीनं आजोबांकडं पाहिलं, मग आईकडं, आणि एक बोट वर केलं. “मी एकदाच मारली.”

तिचा हात उगारला गेला होता. तो तिनं खाली घेतला.

म्हातारा होता तिथंच उभा राहून घळीकडं बघत होता. छाती भात्यासारखी हलत होती. ती त्याच्याजवळ गेली आणि तिनं घळीकडं पाहिलं नाही, घराकडं पाहिलं. इथून अंगण स्वच्छ दिसत होतं. तो दगड दिसत होता, पायरी दिसत होती, पिशवी छातीशी धरून उभ्या राहिलेल्या बाईसुद्धा दिसत होत्या. त्या दिवशी धुकं होतं, म्हणजे त्याला काही दिसलं नसेल. पण बांधलेल्या मेंढीचं ओरडणं इथवर स्पष्ट ऐकू येत होतं, अगदी शेजारी बांधल्यासारखं.

म्हाताऱ्यानंही ते ऐकलं.

“चला,” ती म्हणाली.

उतार निसरडा होता. तिनं मुलीला पुढं घातलं आणि म्हाताऱ्याचं मनगट धरलं, त्या दिवशी त्यानं तिचं धरलं होतं तितक्याच जोरात. दुखत असणार. त्यानं हात सोडवून घेतला नाही, आणि अंगणात पोचेपर्यंत तिनं पकड सैल केली नाही.